न बुडणारं बेट

"काल बेट इथंच होतं," भोवरा म्हणाला. "अगदी इथं. पैज लावतो."

"काल इथं होतं म्हणून आजही इथंच असायला ते काय तुझं दप्तर आहे?" टाचणीनं वल्हं पाण्यातून काढून गुडघ्यांवर आडवं ठेवलं. "दप्तर तू टाकतोस तिथं सुट्टी संपेपर्यंत पडून असतं."

गोगी होडीच्या टोकाशी पालथी पडून पाण्यात बघत होती. सकाळचं धुकं इतकं खाली उतरलं होतं की तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. वल्ह्यावरून निथळणाऱ्या थेंबांचा तेवढा आवाज येत होता. होडी पाण्यावर आहे की ढगात, असं स्वतःलाच विचारत ती पडून राहिली होती.

गोगी आणि भोवरा ही सख्खी भावंडं. टाचणी त्यांची मावसबहीण. दर सुट्टीत दोघं तळ्याकाठी मावशीकडे, म्हणजे टाचणीच्या घरी, यायची. मावशी होड्या दुरुस्त करायची, आणि तिची एक जुनी लहान होडी सुट्टीपुरती या तिघांची असायची. अट एकच : तरंगणारं जॅकेट अंगातून काढायचं नाही. भोवऱ्याला भोवरा का म्हणत, हे त्याला पाहिलं की कुणालाही कळे. टाचणी अंगानं बारीक आणि जिभेनं तिखट. आणि गोगी म्हणजे गोगलगाय. ती सगळंच सावकाश करायची. सावकाश जेवायची, सावकाश चालायची, आणि पुस्तकाच्या एका पानावर इतका वेळ रेंगाळायची की भोवरा म्हणे, "ताई, ते पान पाठ झालं असेल, आता उलट."

"ऐका," गोगी एकदम म्हणाली.

धुक्यातून आधी पक्ष्यांची किलबिल आली. मग ओल्या गवताचा वास आला. आणि मग संथपणे, जणू तेच यांना शोधायला निघालं होतं असं, बेटच समोर आलं. उंच गवत, मधे दोन-चार झुडपं, आणि खाली मुळांची काळी झालर पाण्यात लोंबलेली.

हे बेट मुळी जमिनीला जोडलेलं नव्हतंच. वाऱ्याबरोबर ते तळ्यात हिंडायचं. कुठल्या सकाळी कुठं सापडेल याचा नेम नसे, आणि त्याला शोधायचा खेळ तिघांना सगळ्या खेळांहून आवडायचा.

"पण हे काय?" टाचणी पुढं झुकली.

बेटाच्या मधोमध गवत कापून लाकडी फळ्यांचा मंच टाकला होता. त्यावर घडीच्या लोखंडी खुर्च्यांची चळत होती. कागदी पताकांची माळ दव पडून मलूल झाली होती.

"रविवारचा कार्यक्रम!" भोवरा म्हणाला. "गावात जाहिरातीचे कागद लागलेत ना, 'बेटावरची दुपार' म्हणून. वादक येणारेत, पाहुणे येणारेत. इथं?" आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं होडीतून बेटावर उडी मारली.

गेल्या सुट्टीतही त्यानं अशीच उडी मारली होती. तेव्हा बेट मऊ गादीसारखं हललं होतं, आणि तिघंही हसून हसून दमली होती. या वेळी मात्र 'पचाक' असा आवाज झाला आणि भोवऱ्याचा एक पाय मांडीपर्यंत आत गेला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"खाली पाणी आहे," तो बारीक आवाजात म्हणाला. "माझा पाय... पाण्यात आहे."

टाचणीनं वल्हं त्याच्यासमोर आडवं टाकलं. "यावर भार दे. हलू नकोस. तुला आयुष्यात पहिल्यांदा सांगतेय, तेवढं ऐक." दोघींनी त्याला काखेत धरून होडीत ओढून घेतलं. त्याचा बूट बेटाच्या पोटात राहिला तो राहिलाच.

पाय गेला होता तिथं गोगीला एक भोक दिसलं होतं. भोकाच्या कडेला मुळांची गादी जेमतेम वीतभर जाड होती.

*

तळ्याचे व्यवस्थापक धक्क्यावरच भेटले. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, आणि एका वेळी चार माणसांशी बोलायची सवय. माणूस आनंदी. तळ्यावर त्यांचा फार जीव.

"काका, बेट पातळ झालंय," टाचणी म्हणाली. "हा आत गेला. रविवारी तिथं माणसं बसवू नका."

"कोण कुठं गेला? पताका त्या बाजूला, अहो त्या बाजूला!" ते कुणाला तरी ओरडून म्हणाले आणि पुन्हा मुलांकडे वळले. "परवानगीशिवाय बेटावर गेलात? बरं, ते असू दे. अरे, कडेला पाय घसरला असेल. बेट बुडत नसतं. हे मी नाही म्हणत, तो फलक म्हणतो." त्यांनी बोटानं दाखवलं. "तळ्याचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी स्वतः लिहिलाय. वाचा जरा. माझी आई पहिल्या रांगेत बसणार आहे रविवारी. धोका असता तर मी आईला बसवलं असतं का?"

ते शिट्टी वाजवत निघून गेले.

फलक धक्क्याच्या टोकाला होता. दारापेक्षा मोठा, जुना, रंग उडालेला. इतक्या वर्षांत तिघं त्याच्याखाली बसून खाऊ खात आली होती, पण तो वाचला कुणीच नव्हता. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'न बुडणारे बेट'. खाली बारीक अक्षरात पाच परिच्छेद होते.

भोवऱ्यानं एका दमात वाचून टाकला. "झालं. बेट न बुडणारं आहे. वर तर लिहिलंय."

"माझा गृहपाठही झाला," टाचणी म्हणाली. "एखादा माहितीचा उतारा घेऊन त्याची मध्यवर्ती कल्पना एका वाक्यात सांगायची, आणि तिला आधार देणारे तपशील काढायचे. मध्यवर्ती कल्पना : बेट बुडत नाही. तपशील : ते गवत, वेत आणि मुळांचं बनलंय, म्हणून तरंगतं. पूर्वी गुरं त्यावर चरायची. वल्हं खुपसलं तरी आरपार जायचं नाही. संपलं."

"पण हे पहिल्या दोनच परिच्छेदांतलं आहे," गोगी म्हणाली. ती अजून तिसऱ्यावर होती.

"मग?"

"मग उरलेले तीन कशाला लिहिलेत?"

"जागा उरली असेल," भोवरा म्हणाला.

गोगीनं मान हलवली. ती फलकाला नाक लावून, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत राहिली. ऊन वर आलं, धुकं विरलं, फलकावर पाण्याच्या लाटांचा उजेड हलू लागला. तिला वाटलं, अक्षरंही तरंगताहेत. तिसऱ्या परिच्छेदात होतं की उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरतं आणि बेट काही आठवडे तळाच्या चिखलावर टेकून राहतं. चौथ्यात गवताचा रंग : पाणी उतरण्याआधी फिकट, पिवळसर; नंतर गर्द हिरवा, आणि खाली नव्या मुळांचे झुबके. पाचव्यात एका जुन्या वर्षाची हकीकत होती. त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस पडत राहिला, तळं उतरलंच नाही, आणि पुढच्या वर्षी बेटाच्या कडा तुटून तुकडे वाहून गेले.

"बेट बुडत नाही," ती पुटपुटली. "आणि गवत पिवळं पडतं. हे एकमेकांना चिकटत नाही."

"काहीतरी चिकटवून टाक आणि चल, भूक लागलीय," भोवरा म्हणाला.

*

मावशीच्या कामाच्या पडवीत डांबराचा आणि ताज्या लाकडाचा वास भरलेला असे. मधोमध एक मोठी होडी उघडीवाघडी उभी होती. तिच्या बाजूच्या फळ्या काढलेल्या, आतल्या लाकडी फासळ्या दिसत होत्या. मावशीनं आधी भोवऱ्याचा पाय तपासला, मग त्याची कानउघाडणी केली, मग त्याला खायला दिलं. तिच्या घरात याच क्रमानं गोष्टी होत.

गोगी खाताखाता थांबली. "मावशी, एखाद्या लिहिण्यात काय मुख्य आहे ते कसं ओळखायचं? मोठ्या अक्षरात असतं ते?"

"मोठ्या अक्षरात तर या होडीचं नावही आहे," मावशी रंधा बाजूला ठेवत म्हणाली. "नाव वाचून होडी चांगली की वाईट, कळतं का? मी आधी कणा बघते. हे खालचं लांब लाकूड. प्रत्येक फासळी त्याला येऊन मिळायला हवी. दोन फासळ्या मिळाल्या आणि तीन अधांतरी राहिल्या, तर एक तर त्या दुसऱ्या होडीच्या आहेत, नाहीतर मी कणा म्हणून भलतंच लाकूड धरून बसलेय."

गोगीनं हातातला घास तसाच खाली ठेवला.

"बाई हुशार आहेत. भलत्या फासळ्या लावणार नाहीत," ती हळूहळू म्हणाली. "म्हणजे आम्ही कणा चुकीचा धरलाय." तिनं डोळे मिटले. फलक तिला जसाच्या तसा दिसत होता. "मुळं. पाणी उतरणं. टेकणं. टेकल्यावर हिरवं होणं. टेकलं नाही त्या वर्षी तुटणं..." तिनं डोळे उघडले. "बेट तरंगतं म्हणून टिकत नाही. दरवर्षी तळाला टेकतं, चिखलातून पोट भरून घेतं, म्हणून टिकतं. टेकलं नाही तर उपाशी राहतं. जाड होतं म्हणून गुरं चरायची, वल्हं जायचं नाही. पाचही परिच्छेद तेच सांगतात."

टाचणी सावकाश म्हणाली, "आणि तळं उतरतं कुठं हल्ली? तळ्याचं पाणी बाहेर पडतं तिथं लोखंडी दरवाजा बसवलाय ना."

"दोन वर्षांपूर्वी बसवल्यापासून उन्हाळाभर बंदच असतो," मावशी म्हणाली. "व्यवस्थापकांनीच मागणी केली होती. पाणी काठोकाठ राहिलं की होड्या बारा महिने चालतात." तिचा आवाज बदलला. "म्हणजे दोन उन्हाळे बेट टेकलेलंच नाही."

"आणि दोन उन्हाळे उपाशी आहे," भोवरा म्हणाला. तोसुद्धा आता खात नव्हता.

मावशीनं हात पुसले. "चला. वल्हं घ्या. आधी खात्री, मग बोभाटा."

दुपारी वारा पडला होता. बेट तळ्याच्या मध्यावर झोपल्यासारखं थांबलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर गवताचे शेंडे पिवळे पडलेले. मावशीनं होडी कडेला लावली आणि वल्हं सरळ खाली दाबलं. लोण्यात सुरी जावी तसं ते आत गेलं. आणखी दोन ठिकाणी दाबून पाहिलं. तिथंही तेच. परतताना मावशी नेहमीपेक्षा जोरात वल्हवत होती.

*

व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. मग म्हणाले, "कडेला पातळ असणारच. मंच मधे आहे. आणि उद्याच तर रविवार. वादक निघालेत, पाहुणे निघालेत. एका वल्ह्यावरून कार्यक्रम मोडू? बाईंनी लिहिलंय, बेट बुडत नाही. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

मावशी उत्तर द्यायला पुढं झाली, पण त्याआधीच गोगी बोलली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. तिचे कान लाल झाले.

"नाही काका. त्यांनाच कळलं होतं. त्यांनी पाच परिच्छेद लिहिले. आपण वरचे तीन शब्द वाचून थांबलो."

व्यवस्थापकांची शिट्टी ओठांपाशीच थबकली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण मागून कुणीतरी खुर्च्यांबद्दल विचारलं, आणि ते तिकडं वळले.

"पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याचं काय करणार?" गोगीनं त्यांच्या पाठीला विचारलं.

"पिंपं भरून नेणार. का?"

"मग ती आधीच नेऊन ठेवा ना. उद्या सकाळीच. मंचावर, पहिल्या रांगेच्या जागी. एक भरलेलं पिंप म्हणजे दोन माणसांचं वजन. पाहुणे यायच्या आत तासभर तिथं राहू द्या. काही झालं नाही तर आम्ही तिघं दिवसभर खुर्च्या पुसू आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

व्यवस्थापक हसले. "पाणी तसंही न्यायचंच आहे. चल, तुझ्या मनासारखं होऊ दे. फडकी घेऊन या येताना."

रविवारी सकाळी पसरट होडीतून पिंपं गेली. मावशी स्वतः बरोबर गेली. माणसांना जॅकेटं घालायला लावली, एका वेळी दोघांहून जास्त जणांना मंचावर चढू दिलं नाही, आणि पिंपं मांडून झाल्याबरोबर सगळ्यांना परत आणलं. आता बेटावर कुणी नव्हतं. फक्त मंच, त्यावर पहिल्या रांगेत पाहुण्यांसारखी बसलेली निळी पत्र्याची पिंपं, आणि मागं रिकाम्या खुर्च्या.

वाऱ्यानं बेट धक्क्याजवळ आलं होतं; सगळे धक्क्यावर उभे राहून बघू लागले. व्यवस्थापकांच्या आईही आल्या होत्या. काठी टेकत, ठेवणीतले कपडे घालून.

काहीच झालं नाही.

ऊन सरकलं. एक बगळा येऊन एका पिंपावर बसला. लोक हसले. व्यवस्थापकांनी तिघांकडे बघून फडकं झटकल्याचा अभिनय केला. भोवऱ्यानं खिशातलं फडकं मुकाट्यानं बाहेर काढलं. गोगी बेटाकडे बघत राहिली. मी चुकले असेन तर? तिनं मनातल्या मनात फलक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा. प्रत्येक वाक्य कण्याला येऊन मिळत होतं. चौथा परिच्छेद. ती पाचव्यावर आली, तेव्हा बगळा उडाला.

"फळ्या ओल्या झाल्यात," टाचणी कुजबुजली.

फळ्यांच्या फटींतून पाणी वर येत होतं. आवाज नाही, घाई नाही. चमकणारी एक पातळ चादर मंचावर पसरत गेली. पहिली रांग जराशी वाकली, जणू सगळ्या पिंपांनी मिळून कुणाला तरी नमस्कार केला. मग गवत दुभंगलं. मधलं पिंप कलंडलं, क्षणभर तसंच थांबलं, आणि खाली गेलं. त्याच्यामागून दुसरं. खुर्च्या एकेक करून घसरत गेल्या. पाण्यावर बुडबुडे आले, आणि सुट्या फळ्या नि पताकांची माळ तेवढी वर तरंगत राहिली.

व्यवस्थापकांनी टोपी काढून हातात धरली. त्यांची नजर बेटावर नव्हती, आईकडे होती. आई काठीवर दोन्ही हात ठेवून शांत उभ्या होत्या.

"माझी खुर्ची कुठली होती रे?" त्यांनी विचारलं.

"मधली," व्यवस्थापक म्हणाले.

आजींनी गोगीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या बराच वेळ तो काढायला तयार नव्हत्या.

*

कार्यक्रम मोडला नाही. वादक काठावरच्या झाडांखाली बसले, पाहुणे गवतावर बसले, आणि सूर पाण्यावरून पलीकडच्या तीरापर्यंत जाऊन परत येत राहिले. व्यवस्थापक त्या दुपारी शिट्टी न वाजवता सगळ्यांना पाणी देत हिंडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाणी खात्याच्या कचेरीत जाऊन लोखंडी दरवाजा उघडायला लावला, होड्यांच्या फेऱ्या बंद केल्या, बुडालेल्या खुर्च्या आणि पिंपं काढून घेतली, आणि फलक लिहिणाऱ्या बाईंना फोन केला.

बाई आल्या तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. उंच, सडपातळ, गुडघ्यापर्यंत बूट. त्यांनी आधी आपला फलक वाचला, सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. मग विचारलं, "हे कुणी शोधलं?"

भोवरा आणि टाचणीनं एकाच वेळी गोगीकडे बोट दाखवलं.

"तो मथळा माझा नाही," बाई तिला म्हणाल्या. "रंगाऱ्याला लोकांचं लक्ष वेधेल असं काहीतरी हवं होतं. मला वाटलं, असू दे, खाली तर सगळं लिहिलंच आहे. इतक्या वर्षांत खालपर्यंत जाऊन, मला काय म्हणायचंय ते नेमकं धरलेली तू पहिलीच. आणि दरवाजा झाल्यावर मी फलक बदलायला यायला हवं होतं. ते राहिलं माझ्याकडून."

"हिला एक पान वाचायला आठवडा लागतो, म्हणून धरलं असेल," भोवरा म्हणाला. पण त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो त्याला लपवता आला नाही.

"मग तूही लाव की आठवडा," बाई म्हणाल्या. व्यवस्थापक मोठ्यानं हसले, आणि मावशीनं गोगीला जवळ ओढून घेतलं.

संध्याकाळी सगळे मावशीच्या होडीतून निघाले. तळ्याच्या कडेचा चिखल उघडा पडला होता, आणि त्यात लांब पायांचे पक्षी संथपणे हिंडत होते. उजेड मधासारखा दाट झाला होता. बेट पूर्वेच्या उथळ बाजूला होतं. बाईंनी खूण केल्यावर टाचणीनं होडी हळूच त्याच्या अंगाला लावली. एरवी अशा धक्क्यानं बेट दूर सरायचं.

ते सरलं नाही.

गोगीनं हात लांब करून गवताच्या बुडाशी ठेवला. बेट जरासुद्धा हललं नाही. खाली काळोख्या चिखलात हजारो मुळं आत शिरत असतील, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं श्वास रोखून धरला.

"पुन्हा एकदा ढकलून बघू?" भोवऱ्यानं विचारलं.

"नको," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "जेवायला बसलंय ते."

टाचणीनं वल्हं पाण्यात बुडवलं, अजिबात आवाज न करता, आणि होडी मागं फिरली.